सीटला चामडं नको असेल तर: अॅडव्हान्स देण्याआधीची तयारी

गाडीच्या सीटला नकली चामड्याची कव्हरं शिवून घ्यायची असतील तर आधी घरच्यांना विचारून घ्या. सांगली-मिरज पट्ट्यात हा नुसता पैशांचा प्रश्न नसतो. पुष्कळ जैन घरांत गाडीत चामडं चालतच नाही. तुमच्याकडे तसं असेल तर सीटपाशी थांबू नका, स्टिअरिंग आणि गिअरची मूठ पण तपासा. वरच्या मॉडेलांत सीट लेदरेटच्या, म्हणजे नकली चामड्याच्या असतात आणि स्टिअरिंगवर मात्र खरं चामडं गुंडाळलेलं असतं, असं होऊ शकतं. शोरूमकडून ते लेखी घ्या. कव्हरवाला दुकानदार ‘नप्पा’ (हे मुळात मऊ खऱ्या चामड्याचं नाव) म्हणाला म्हणून घाबरायचं किंवा हुरळून जायचं कारण नाही, त्या नावाखाली बहुतेक वेळा रोल प्लास्टिकचाच निघतो.

जुनी गाडी घेऊन तिच्यावर खर्च करणार असाल तर जुनं कव्हर एका कोपऱ्यात उचलून फोम दाबून बघा, वास घ्या, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का ते टॉर्च मारून पाहा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेकाठच्या किती गाड्या पाण्यात होत्या ते आपल्याला माहीतच आहे. कुजक्या फोमवर नवं कव्हर चढवण्यात अर्थ नाही.

आता मालाकडे. नावं दहा असली तरी जाती मुळात तीन. पीव्हीसी म्हणजे आपलं जुनं रेक्झिन: ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, ते उन्हाने हळूहळू बाहेर पडतं, मग वरचा थर कडक होऊन तडकतो. समोरच्या काचेला आतून जो तेलकट थर धरतो, त्यात याचा मोठा हात असतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन: ते हाताला छान लागतं, पण हलक्या पीयूला ऊन आणि दमट हवा एकत्र सोसत नाही, वरचा पापुद्रा सुटून खपल्या पडतात. तिसरं मायक्रोफायबर, त्याला खाली विणलेलं कापड नसतं, बारीक तंतूंचा एकजीव थर असतो. ते महाग, पण घडीवर लवकर चिरत नाही. गाडी दिवसभर मार्केट यार्डात उन्हात उभी राहणार असेल तर स्वस्त पीयूपेक्षा जाड, चांगलं पीव्हीसी मी कधीही घेईन. अल्कांटारा हे जपानच्या तोरे कंपनीत १९७० साली निघालेलं आणि इटलीत बनणारं पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचं कापड. दिसायला देखणं, पण मुलं आणि भडंग असणाऱ्या गाडीत नको. निवडुंगाचं, अननसाच्या पानांचं लेदर यांचं कौतुक जरूर करा, फक्त त्यांच्यातही पॉलियुरेथेन असतं हे ध्यानात असू द्या.

रोल पसंत पडला की तळहाताएवढा तुकडा मागून घरी न्या. उलट बाजू बघा, अस्तर विरळ असेल तर शिलाईपाशी फाटणार. घडी घालून नखाने दाबा आणि उलगडा. पांढरी रेघ राहिली तर सोडून द्या. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासा, रंग लागला तर तो उद्या शर्टालाही लागणार. मग तो तुकडा काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि दुपारभर उन्हात ठेवा. बरणी आतून धुरकट झाली किंवा उघडल्यावर डोकं दुखवणारा वास आला तर तेच तुमच्या गाडीत होणार. क्रीम रंग आवडत असेल तर चिमूटभर हळद ओली करून लावा, तासाभराने साबणाच्या पाण्याने पुसा. सांगलीत राहून ही परीक्षा टाळायची म्हणजे कमालच! थोडा पिवळा डाग राहिला तर उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. तरीही गडद राहिला तर राखाडी रंग घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एअरबॅगवर घाला. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती बाजू जाड कव्हरने बंद करायची नाही. कंपनीच्या सीटला तिथली शिलाई उसवेल अशीच ठेवलेली असते; कारागिराला विचारा, ‘ह्या बाजूला दोरा कुठला वापरणार?’ तो ‘काय नाही होत, साहेब’ म्हणाला तर दुकान बदला. सीट काढताना बॅटरीची तार सोडायला लावा, आणि सीटखालचा एअरबॅगचा पिवळा प्लग निघालेला असताना चावी फिरवू देऊ नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. सीटमधून गार हवा येत असेल तर भोकांचाच माल घ्या.

आगीचंही विचारा. अमेरिकेत १९७२ पासून गाडीच्या आतला माल मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये असा नियम आहे. आपल्याकडे त्यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. रोलच्या कागदावर ते लिहिलेलं असेल तर बरं. दुकानात लायटर लावून बघायचा हट्ट करू नका, पीव्हीसीचा धूर घशाला वाईट.

ताबा घेताना पायपिंग (शिलाईवरची गोल कड) सरळ आहे का, बेल्टचं बक्कल सहज वर येतं का, मागची सीट पूर्वीसारखी दुमडते का ते बघा आणि मगच उरलेले पैसे द्या. सॅनिटायझर, थिनर आणि चकाकी आणणारे पॉलिश गाडीपासून लांब ठेवा, ओलं फडकं आणि सौम्य साबण पुरतो. आणि उरलेला तुकडा, रोलचा नंबर लिहून, मागून घ्या. दोन वर्षांनी ड्रायव्हरची बाजू घासली की तोच रंग दुकानात मिळत नाही.