आपल्या तयारीला झेपेल अशी लाइव्हअबोर्ड सफर कशी निवडावी

तारकर्लीला किंवा अंदमानात स्वराज द्वीपावर स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्या माणसाच्या मनात एक-दोन वर्षांत लाइव्हअबोर्डचा विचार येऊ लागतो. आठवडाभर बोटीवरच राहायचे, तिथेच जेवायचे आणि रोज तीन-चार वेळा पाण्याखाली जायचे, अशी ही सफर असते. मुंबईहून माले सुमारे तीन तासांच्या विमानप्रवासावर असल्यामुळे आपल्याकडील बहुतेकांची पहिली निवड मालदीव हीच ठरते. बोटीचे फोटो, खोलीचा आकार आणि जेवणाचा बेत पाहून सफर ठरवण्याचा मोह होतो; परंतु तुमचा आठवडा कसा जाणार हे बोटीच्या मार्गावर ठरते, म्हणून आधी मार्ग तपासावा आणि त्याहीआधी स्वतःची तयारी तपासावी.

तयारी म्हणजे केवळ प्रमाणपत्र नव्हे. ओपन वॉटरचे प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतची आणि अ‍ॅडव्हान्स्ड या पुढच्या कोर्सचे 30 मीटरपर्यंतची मुभा देते, आणि मालदीवच्या कायद्यानेही पर्यटक डायव्हरला 30 मीटरची मर्यादा आहे. मात्र प्रवाहात तुम्ही कसे वागता, याबद्दल ते प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. त्यासाठी लॉगबुक, म्हणजे आपल्या डाइव्हच्या नोंदींची वही, उघडून बसावे. शेवटची डाइव्ह कधी केली, प्रवाहात किती केल्या, बोटीवरून उडी घेऊन किती केल्या आणि प्रशिक्षकाने हात न धरता किती केल्या, हे प्रामाणिकपणे मोजावे. नोंदी 25 असल्या आणि त्यांतील शेवटची दोन वर्षांपूर्वीची असली, तर स्वतःला नवखे समजूनच सफर निवडावी आणि निघण्यापूर्वी एखादा रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा वर्ग, जरूर करावा.

हवेचा खप हा त्याहूनही बोलका आकडा आहे. समजा, 11 लिटरच्या टाकीने सरासरी 15 मीटरवर 40 मिनिटांत तुम्ही 140 बार (बार म्हणजे टाकीतील हवेच्या दाबाचे माप) हवा वापरली. म्हणजे 1540 लिटर हवा लागली, मिनिटाला 38.5 लिटर, त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या अडीच पट असल्याने तुमचा मूळ खप मिनिटाला सुमारे 15 लिटर झाला. टाकी 200 बारने भरलेली असून 50 बार राखून वर यायचे असेल, तर या खपाने 20 मीटरवर सुमारे 36 मिनिटे मिळतात. ज्याचा खप 20 लिटर आहे त्याला 27 मिनिटेच मिळतात, आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले की तीही कमी होतात. गटातील एकाची हवा संपत आली की अनेकदा सगळ्या गटालाच वर यावे लागते, म्हणून हा हिशेब आपल्याबरोबरच सोबत्यांसाठीही करावा.

आता मार्गाकडे वळू. मालदीवमध्ये ‘थिला’ म्हणजे पाण्याखालचा उंचवटा आणि ‘कंदू’ म्हणजे प्रवाळद्वीपांच्या कड्यातून समुद्राकडे उघडणारी खिंड. भरती-ओहोटीचे सगळे पाणी या खिंडींतून आत-बाहेर करते. पाणी आत शिरत असताना खिंडीच्या तोंडाशी शार्क जमतात, आणि तेच पाहण्यासाठी डायव्हरला तिथे उतरवतात. मोठी बोट दूर उभी असते. डायव्हरला ‘धोनी’ नावाच्या लहान बोटीने जागेवर नेतात. तिथे अंगावरच्या, हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमधील सगळी हवा आधीच सोडून, इशारा होताच सर्वांनी एकदम उडी घेऊन थेट खाली जायचे असते, कारण पृष्ठभागावर अर्धे मिनिट रेंगाळणारा माणूस खिंडीपासून दूर वाहून जातो. माझ्या पहिल्या सफरीत असेच झाले. चार मीटरवर पाण्याच्या दाबाने दडे बसलेले माझे कान सुटेनात म्हणून मी थांबलो, आणि कान सुटेपर्यंत खाली निळ्या पाण्यावाचून काहीही दिसत नव्हते. मी मार्कर बॉय, म्हणजे लांबून दिसणारा खुणेचा फुगा, फुगवून वर आलो आणि धोनीने मला उचलले; तो बॉय जवळ नसता किंवा फुगवण्याचा सराव नसता, तर लाटांमध्ये माझे डोके शोधणे त्यांना फार कठीण गेले असते. बॉय स्वतःचा घ्यावा आणि निघण्यापूर्वी पाच मीटरवर तरंगत तो सोडण्याचा सराव करावा.

म्हणून बोटवाल्यांकडे मागच्या सफरीतील डाइव्हच्या जागांची यादी मागावी आणि त्यांत कंदू किती, थिला किती ते पाहावे. नवख्याने माले, वावू आणि अरी या मध्यवर्ती अटॉल्सचा (कड्यासारख्या प्रवाळद्वीपसमूहांचा) मार्ग घ्यावा. हुवाधू-अड्डूकडील दक्षिणेचा मार्ग प्रवाहात हात बसल्यावरच घ्यावा. पहिली डाइव्ह शांत लगूनमध्ये, म्हणजे कड्याच्या आतल्या पाण्यात, चाचणी म्हणून होते का, एका गाइडमागे किती जण असतात, अनुभवानुसार गट वेगळे करतात का आणि एखादी डाइव्ह सोडली तर चालते का, हेही विचारावे. या प्रश्नांना मोघम उत्तरे देणारी बोट मी घेणार नाही.

मांटा रे हा मोठा चपटा मासा पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की बा अटॉलमधील हनिफारू उपसागरात स्कूबाला बंदी आहे, तिथे स्नॉर्कलिंगच करता येते.

तयारी अगदीच कमी असेल, तर थायलंडमधील सिमिलन बेटे अधिक सोयीची. मात्र ते राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. इजिप्तच्या लाल समुद्रात 1941 मध्ये बुडालेले थिसलगॉर्म हे जहाज उत्तरेच्या मार्गावर असून त्याचा तळ सुमारे 30 मीटरवर आहे, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड हवेच. ब्रदर्स आणि डीडलस या खुल्या समुद्रातील बेटांसाठी किमान 50 नोंदवलेल्या डाइव्ह मागतात. गालापागोसच्या वुल्फ आणि डार्विन या बेटांचा विचार त्यानंतर करावा.

बोटीची सुरक्षितता हा विषय कौशल्याच्या पातळीशी जोडलेला नाही, तरी तो वगळता येत नाही. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागून खालच्या मजल्यावर झोपलेली 34 माणसे दगावली, आणि रात्री गस्त घालणारे कोणीच नव्हते असे चौकशीत आढळले. त्यामुळे रात्रभर जागा राहणारा माणूस असतो का, झोपण्याच्या जागेतून बाहेर पडायला दोन वेगळ्या वाटा आहेत का आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, हे आरक्षणापूर्वीच विचारावे, आणि बोटीवर चढल्यावर दुसरी वाट स्वतः एकदा चालून पाहावी.

डाइव्हमध्ये शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून परतीचे तिकीट शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी सुटणाऱ्या विमानाचे काढावे. अनेक बोटी यासाठी 24 तास धरतात. वेळ जुळत नसेल, तर विमानतळाजवळच्या हुलहुमालेत एका रात्रीची खोली घ्यावी, शेवटची डाइव्ह पुढे ढकलायला सांगू नये.