मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान वाचायला घेताय? आधी ‘इच्छा’ हा शब्द सोडवा

एम.ए.ला हा विषय घेतला तेव्हा मी थेट तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनस उघडला. महिनाभर टिपणं काढली, पण हाती काही लागलं नाही. प्रश्नच कळला नव्हता, तर उत्तरं कुठून कळणार?

म्हणून सुरुवात त्याच्या कितीतरी आधीच्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंतापासून करा, तीही त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या आठव्या भागापासून. साल 386, मिलानमधली एक बाग. ऑगस्टीनला जुनं आयुष्य सोडायचंय आणि सोडवत नाहीये. तो म्हणतो, मन हाताला ‘हल’ म्हणतं, हात हलतो. मन मनालाच आज्ञा देतं, तेव्हा मात्र ते ऐकत नाही. आपण म्हणतो ना, कळतं पण वळत नाही, ते हेच. पण तो तिथे थांबत नाही. इच्छा पूर्ण असती तर आज्ञा द्यावीच लागली नसती, असं तो दाखवतो. अर्धवट इच्छा पूर्ण होते ती ईश्वराच्या कृपेने. मग कृपेनेच होणार असेल तर माणूस मोकळा कसा? पुढची कित्येक शतकं याच प्रश्नाभोवती फिरतात.

माझी गाडी अडली ती अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या तत्त्वज्ञापाशी. लॅटिन ‘वोलुंटास’ला मी सगळीकडे ‘इच्छा’ लिहीत गेले आणि वाक्यं एकमेकांना छेद द्यायला लागली. अन्सेल्म स्वतःच सांगतो की या शब्दाचे अर्थ तीन: इच्छा करण्याचं साधन, मनाचा कल, आणि प्रत्यक्ष इच्छा करणं. वहीत तीन रकाने आखले, प्रत्येक वाक्य त्यात बसवलं, आणि गुंता सुटला. जीव वाचवायला खोटं बोलणाऱ्या माणसाचं त्याचं उदाहरण तेव्हा पहिल्यांदा समजलं. तो माणूस मनाविरुद्ध खोटं बोलला, असं म्हणता येईल का? माणसाला त्याच्या मनाविरुद्ध बांधता येतं, छळता येतं, मारता येतं. पण मनाविरुद्ध इच्छा करायला लावता येत नाही, कारण इच्छा करायची तर ती त्यानेच करावी लागते. हे वाचून मी त्या संध्याकाळी दुसरं काही वाचलं नाही.

अ‍ॅक्वायनसकडे आता या. इच्छेचा स्वभाव ईश्वरानेच घडवला, म्हणून तो तिला आतून हलवतो आणि तरी जबरदस्ती होत नाही, हे त्याचं म्हणणं. त्यावर घाई करू नका, आठवडा द्या.

नंतर पॅरिसची 7 मार्च 1277ची बंदी बघा. तिथल्या बिशपने, म्हणजे चर्चच्या स्थानिक प्रमुखाने, तत्त्वज्ञानातली 219 विधानं शिकवायला निषिद्ध ठरवली. इच्छा बुद्धीच्या मागे अपरिहार्यपणे जाते, अशा आशयाची विधानंही त्यांत होती. अ‍ॅक्वायनसच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. ही पार्श्वभूमी असली की त्यानंतरचा तत्त्वज्ञ डन्स स्कोटस हट्टी वाटत नाही. बुद्धीने चांगलं समोर ठेवलं तरी इच्छा थांबू शकते, यावर तो का अडून बसतो ते कळतं.

लॅटिन येत नसेल तरी चालेल. वोलुंटास (इच्छा), आर्बित्रियुम (निवड, निर्णय), ग्रातिया (कृपा) एवढे तीन शब्द मूळ पानावर ओळखता आले, की अनुवादकाने कुठे काय निवडलंय ते स्वतः तपासता येतं.