स्टेपनीचं वय कसं बघायचं अन् ती कधी बदलायची

गेल्या मे महिन्यात पंढरपूरहून येताना मोहोळच्या अलीकडं मागचा टायर बसला. टेन्शन नव्हतं, कारण स्टेपनी एकदम कोरी, वरचे रबराचे बारीक केस पण शाबूत. लावली, मोहोळात हवा भरली अन् निघालो, तर लांबोटी यायच्या आत (चिवडा घ्यायला थांबणारच होतो म्हणा) गाडी धपधप करायला लागली. उतरून बघतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. पंक्चरवाल्यानं येऊन नुसतं एका आकड्यावर बोट ठेवलं, 2314. म्हणला, "मालक, हा पळाला नाही, पण म्हातारा झालाय."

तर पहिलं काम हेच. डिक्कीतून स्टेपनी बाहेर काढा अन् साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी (DOT) लिहिलेली ओळ शोधा. शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा अन् नंतरचे दोन साल, म्हणजे माझी 2014 च्या 23व्या आठवड्यातली. आकडे दिसले नाहीत तर टायर उलटा करा, बऱ्याचदा तारीख एकाच बाजूला असते.

न वापरता टायर खराब कसा होतो असं मलाही वाटायचं. रबरात भेगा पडू नयेत म्हणून मेण अन् केमिकल घातलेलं असतं, ते टायर फिरून दबला-फुगला की पृष्ठभागावर येतं, अन् पडून राहिलेल्या टायरला ते मिळतच नाही. त्यात आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42-43 ला, बंद डिक्कीत तर भट्टीच, आणि उष्णतेनं रबर लवकर कडक होतं. स्टेपनी गाडीच्या खाली लटकवलेली असेल तर धूळ-चिखल वेगळाच, अन् ती धरणारी केबल पण गंजते, म्हणून अधूनमधून खाली सोडून बघत जा.

मग उजेडात नक्षीच्या खाचा अन् साइडवॉल बघा. बारीक चिरा, फुगा, कडक पडलेला वॉल्व्ह, यातलं काही दिसलं की टायरवाल्याला दाखवा. वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले की गळती.

हवा सकाळी टायर थंड असताना चेक करायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच ठेवा, कारण महिन्याला एखादा पीएसआय आपोआप जातो. पण छोटी, बारीक स्टेपनी असेल तर तिला साधारण 60 पीएसआय लागतं अन् ताशी 80 किमीच्या वर पळवायची नाही, तिच्यावरच लिहिलेलं असतं ते वाचा.

वयाचं म्हणाल तर पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, अन् 10 वर्षं झाली की कितीही कोरी दिसू दे, काढून टाका, काही गाडी कंपन्या तर सहालाच बदला म्हणतात. चारही टायरच्या साइजचीच स्टेपनी असेल तर रोटेशनमध्ये, म्हणजे टायरच्या जागा आलटून-पालटून बदलताना, तिलाही फिरवा, पडून राहण्यापेक्षा झिजलेली बरी. नवीन गाडीत स्टेपनीऐवजी पंक्चर किट आलं असेल तर त्यातल्या पंक्चर बुजवायच्या औषधाच्या बाटलीची एक्सपायरी पण बघा.

अन् एकदा घरासमोर सावलीत जॅक अन् पाना काढून नट ढिले करून परत आवळून बघा. दुकानात मशीननं असले आवळतात की त्या दिवशी दोन नट सुटेनात, शेवटी पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठं हलले.