भिंग घ्या, उजेड तिरपा ठेवा

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या प्राचीन ग्रीक शहराचं चांदीचं नाणं हाती आलं, तर १० पटीचं भिंग घ्या आणि उजेड समोरून नको, बाजूने तिरपा पडू द्या. इ.स.पू. ५व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या काही कारागिरांनी ठशात स्वतःची नावं कोरली होती. त्यांच्यापैकी किमोनची अक्षरं नाण्यावरच्या अरेथुसा या जलदेवतेच्या केसांच्या पट्ट्यावर किंवा गळ्याखालच्या डॉल्फिनवर शोधा. इतकी बारीक, की दिसली की अंगावर काटा येतो! नाणी हाताने ठोकलेली, त्यामुळे ठसा सरकून सही कधी काठाबाहेर जाते. तेवढ्यावरून नाणं नाकारू नका. आणि देवघरातल्या चांदीसारखं घासून लख्ख तर मुळीच करू नका. केसांच्या त्या नाजूक बटाच आधी झिजतात.