इंग्रजीत कोणत्या क्रियापदानंतर ‘टू’ येतो, हे कसे ओळखावे

इंग्रजीत एका क्रियापदाला जोडून दुसरे क्रियापद आले की दुसऱ्याचे रूप पहिले ठरवते. ‘वाँट’ला ‘टू गो’ हवे असते, ‘एन्जॉय’ला ‘गोइंग’ लागते आणि ‘कॅन’नंतर नुसते ‘गो’ पुरते. ‘टू’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप या जोडीला इन्फिनिटिव्ह म्हणतात. ती मागणाऱ्या क्रियापदांच्या वर्णानुक्रमाने छापलेल्या याद्या पाठ करण्यात फारसे हशील नाही, असे माझे मत आहे.

त्याऐवजी ही क्रियापदे आधी अर्थानुसार एकत्र करावीत. इच्छा, अपेक्षा, निश्चय, वचन, होकार आणि नकार दाखवणारी ‘वाँट’, ‘होप’, ‘एक्स्पेक्ट’, ‘डिसाइड’, ‘प्लॅन’, ‘प्रॉमिस’, ‘अग्री’, ‘रिफ्यूज’ ही सारी या गटातली आहेत, कारण त्यांत पहिली क्रिया घडते तेव्हा दुसरी अजून व्हायची असते. ‘शी डिसाइडेड टू रिझाइन’ या वाक्यात निर्णय आधी होतो आणि राजीनामा त्यानंतर येतो. ‘मॅनेज’, ‘अफोर्ड’, ‘प्रिटेंड’, ‘सीम’ अशी काही क्रियापदे मात्र या अर्थात बसत नाहीत. ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात. त्यांपैकी ‘मॅनेज’ अधिक वापरात आणावे. धावपळ करून एकदाची लोकल मिळाली, हे सांगताना आपण ‘आय कुड कॅच द लोकल’ म्हणतो. तेथे ‘आय मॅनेज्ड टू कॅच द लोकल’ हेच योग्य ठरते.

वाक्य तयार झाले की ‘टू’नंतरचे क्रियापद तपासावे. काळ पहिल्या क्रियापदानेच दाखवलेला असतो, त्यामुळे ‘ही वॉन्टेड टू वेंट’ चुकते आणि ‘ही वॉन्टेड टू गो’ बरोबर ठरते. नकार दुसऱ्या क्रियेला द्यायचा असेल तर ‘नॉट’ ‘टू’च्या आधी ठेवावा. ‘दे डिसाइडेड नॉट टू सेल द हाउस’ म्हणजे घर न विकण्याचे ठरले. ‘दे डिड नॉट डिसाइड टू सेल द हाउस’ म्हणजे विकण्याचा निर्णय झालाच नाही.

दुसरी क्रिया करणारी व्यक्ती निराळी असेल, तेथे मराठी वळण हमखास आड येते. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ हे मनात धरून अनेक जण ‘आय वाँट दॅट यू शुड कम’ लिहितात. येथे त्या व्यक्तीचा उल्लेख क्रियापदाला लागून करावा आणि मग ‘टू’ आणावा: ‘आय वाँट यू टू कम’. ‘आस्क’, ‘टेल’, ‘अलाउ’, ‘अड्व्हाइज’ यांचीही रचना अशीच होते. ‘सजेस्ट’ तेवढे या रांगेत बसत नाही; ‘ही सजेस्टेड मी टू गो’ असे होत नसून ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ असे म्हणावे लागते. ‘मेक’ आणि ‘लेट’ यांनाही ‘टू’ चालत नाही, जसे ‘लेट हिम स्पीक’. पण ‘मेक’ कर्मणी प्रयोगात गेले की तो परत येतो: ‘वुई वेअर मेड टू वेट’.

काही क्रियापदे दोन्ही रूपे घेतात आणि अर्थ बदलतात. ‘कुलूप लावायला विसरू नकोस’ आणि ‘कुलूप लावल्याचे मला आठवते’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘लावायला’मधील क्रिया अजून व्हायची आहे, म्हणून ‘डोन्ट फर्गेट टू लॉक द डोअर’. ‘लावल्याचे’मधील क्रिया होऊन गेली आहे, म्हणून ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. ‘स्टॉप’च्या बाबतीतही मराठी कान साथ देतो: चहा प्यायला थांबलो तर ‘आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी’, चहा पिणेच सोडले तर ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ यांच्याबाबत इतका विचार करण्याची गरज नाही, कारण तेथे सहसा कोणतेही रूप चालते.

मात्र या कानावर सर्वत्र विसंबू नये. ‘मला पोहायला मजा येते’ यातील ‘पोहायला’ ऐकून ‘आय एन्जॉय टू स्विम’ लिहिले जाते, तेथे ‘एन्जॉय स्विमिंग’ हवे. ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ आणि ‘माइंड’ हीदेखील ‘आयएनजी’ रूपच घेतात. म्हणून वहीत नवे क्रियापद लिहिताना ते एकटे न लिहिता ‘रिफ्यूज टू गो’, ‘अव्हॉइड गोइंग’ असे जोडीने लिहावे.

अर्जांत आणि ईमेलमध्ये वरचेवर येणाऱ्या ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ तर इन्फिनिटिव्हचा नव्हेच, ते शब्दयोगी अव्यय आहे. शंका आली तर ‘टू’पुढे एखादे नाम ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य जुळते, म्हणून तेथे क्रियापद आणायचे झाल्यास ‘टू मीटिंग यू’ असे लिहावे. ‘आय होप टू युअर रिप्लाय’ जुळत नाही, म्हणून तेथे ‘आय होप टू मीट यू’ असेच लिहावे लागते.