सूज उतरवण्याच्या घाईत होणाऱ्या चुका

रविवारी कोळंबी सोलताना सासूबाईंच्या अंगठ्यात कोळंबीच्या डोक्यावरचा काटा गेला. थोड्याच वेळात अंगठा लाल, गरम, टचटचीत. बर्फ लाव, हळद भर, सुजेची गोळी दे, असे घरातल्या तिघांचे तीन सल्ले. मी लालबागला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या अंगठ्यात काय चाललंय ते मला दिसत होतं.

काटा घुसला की कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. सूज म्हणजे हेच. तिथल्या मॅक्रोफेज पेशी टीएनएफ, आयएल-१ अशी सायटोकाइन, म्हणजे पेशींचे रासायनिक निरोप, सोडून हाक देतात आणि काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळायला हजर होतात. शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून असाच पेशींचा गराडा पाहिला होता. त्यांचेच शिष्य हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 ला आपल्या मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा त्यांनाही ताप आला आणि ती जागा दुखली. लसीनंतरचा असा ताप ही त्याच हाकेची खूण आहे.

चूक: सूज आपोआप विरते असं समजणं

सूज विरवणं हेही पेशींचंच काम आहे. मेलेल्या न्यूट्रोफिलना मॅक्रोफेज गिळतात, आणि गिळता गिळता त्यांचा नूर पालटतो: आता त्या आयएल-१० सोडतात, म्हणजे ‘पुरे’ असा निरोप. नियामक टी पेशीही असाच आवर घालतात. त्यांच्या शोधाला 2025 चं नोबेल मिळालं. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं लिहिलेल्या बाटल्या पाहिल्या की मला काळजी वाटते. संधिवातात सूज आणणाऱ्या पेशी आवरेनाशा होऊन स्वतःचेच सांधे पोखरतात. तिथे आणखी काय वाढवायचं?

चूक: पावसाळी तापात मनाने वेदनाशामक घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. जुलै ते ऑक्टोबर आमच्याकडे रांग असते, आणि अनेकांनी येण्याआधीच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलेलं असतं. या गोळ्या दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पण त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि जठराचं अस्तर दुखावतात. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घसरलेल्या असतात. रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

आणि ताप उतरला म्हणून लगेच कामावर धावू नका. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असतानाच रक्तवाहिन्या जास्त झिरपू लागू शकतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

चूक: सीआरपीचा आकडा वाचून औषध ठरवणं

“ताई, सीआरपी चाळीस आलाय, अँटिबायोटिक सुरू करू ना?” असं एका काकांनी परवा काउंटरवर विचारलं. सीआरपी हे रक्तातलं एक प्रथिन. ते यकृतात बनतं, मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून. सूज कुठेतरी आहे एवढंच ते कळवतं. कुठे आणि कशाने, हे नाही. रक्तात ते साधारण 19 तासांत निम्मं होतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा चढ-उतार बोलका. अर्थ डॉक्टरांना लावू द्या.

चूक: खाज सुटली की स्टिरॉइडची ट्यूब

लोकलची गर्दी, घाम, मग जांघेत गजकर्ण. मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते सायटोकाइन दाबतं, लाली जाते, खाज थांबते, आणि राखणच उठल्यावर बुरशी निवांत पसरते. पोटात घ्यायचं स्टिरॉइड असेल तर तेही मनाने एकदम बंद करू नका. जास्त दिवस घेतलेलं असलं तर शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, लगेच बनवू शकत नाही.

सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते पाहिलं आणि लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ आखली. लाली रेघेबाहेर गेली, मनगटाकडे लाल पट्टा चढला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर, असं ठरलं. सोमवारी सकाळी लाली रेघेच्या दोन दोरे आत सरकली होती.