बेटांवरच्या दुर्मीळ वनस्पतींची रोपं करताना या चुका टाळा

हवाईतल्या मौना केआ पर्वतावर सिल्व्हरस्वर्ड या चंदेरी पानांच्या दुर्मीळ झाडाची शेकडो रोपं 1970च्या दशकापासून पुन्हा लावली गेली. रोपं जगली. पुढे त्यांची वंशावळ तपासली, तेव्हा बहुतेक सगळी दोनच आयांची, म्हणजे बी देणाऱ्या दोनच झाडांची, लेकरं-नातवंडं निघाली. या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत आणि सख्ख्या नातलगांचेही पुष्कळदा चालत नाहीत. म्हणजे फुलोरा भरगच्च, पण बी पोचट निघण्याची भीती.

रोपं मोजायची आणि आया मोजायच्या नाहीत, ही मला या कामातली सगळ्यात महागडी चूक वाटते, कारण ती वीस-तीस वर्षांनी उघडकीस येते. बी कुठून गोळा होतं? पायवाटेजवळच्या, हाताला येणाऱ्या, लगडलेल्या झाडावरून. तसं करू नका. शक्य तितक्या झाडांवरून थोडं थोडं घ्या, कड्यावरच्या अवघड झाडावरूनही. प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक द्या, बी एकत्र मिसळू नका आणि तोच क्रमांक ट्रेवर, पिशवीवर, नोंदवहीत चालू ठेवा. लेबल पेन्सिलीने लिहा. शाई उन्हात उडते. लेबल हरवलं तर अंदाजाने नंबर टाकू नका, सरळ ‘आई अज्ञात’ लिहा. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट.

छाट कलमाला मुळ्या फुटत नाहीत

सगळे छाट (लावण्यासाठी कापलेले फांदीचे तुकडे) एकाच दिवशी, एकाच पद्धतीने लावू नका. निम्मे राखा किंवा दुसऱ्या रोपवाटिकेकडे द्या. ज्यात छाट लावला ते माती-वाळूसारखं माध्यम पाणी धरून बसणारं असेल तर छाट खालून काळा पडतो. असा छाट लगेच काढून टाका. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा.

फुलं येतात, फळ धरत नाही

हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर कॅफे मॅरॉन या कॉफीच्या कुळातल्या झुडपाचं एकच झाड 1980मध्ये सापडलं. 1986मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पाठवलेल्या छाटांपैकी एक जगला. तो वर्षानुवर्षं फुलत राहिला, फळ मात्र नाही. शेवटी क्यूमधले उद्यानतज्ज्ञ कार्लोस माग्दालेना यांनी कुक्षीचं (फुलातल्या पराग झेलणाऱ्या भागाचं) टोक कापून कापलेल्या जागी परागकण लावले आणि 2003मध्ये बी मिळालं. तेव्हा ‘वांझ आहे’ असा शिक्का मारण्याआधी फूल भिंगाखाली बघा. पराग सुटतात का? कुक्षी चिकट कधी होते? हाताने परागीकरण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करून पाहा आणि दर वेळी नोंद ठेवा.

रोपांची पानं आईसारखी नाहीत

इथे घाईने रोपं उपटली जातात. कॅफे मॅरॉनची कोवळी रोपं लांब, अरुंद, तपकिरी पानांची असतात. मोठं झाड हिरव्या, रुंद पानांचं. बेटांवरच्या बऱ्याच झाडांचं असं असतं, म्हणून थांबा.

पण दुसरी शक्यताही असते: संकर. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर एबनी आणि रेडवुड ही तिथली दोन नात्यातली झाडं शेजारी वाढली की त्यांचा संकर सहज होतो. जवळचे नातलग एकाच आवारात असतील तर फुलं उमलण्याआधी जाळीदार पिशवी बांधा. उघड्यावर धरलेलं बी शुद्ध म्हणून परत बेटावर नेऊ नका.

बी उगवत नाही

उगवलं नाही म्हणून ट्रे ओतून देऊ नका. राखलेल्यातलं एखादं बी कापून बघा. गर पांढरा, घट्ट असेल तर ते बहुधा नुसतं झोपलेलं असतं. साठवणीत आणखी एक धोका आहे. हवाईच्या अनेक स्थानिक वनस्पतींचं बी शीतपेटीत, उणे 18 अंशांवर, टिकण्याऐवजी लवकर मरतं. आधी थोडंसं ठेवून पाहा.

एकाच जागी सगळी रोपं

सेंट हेलेना ऑलिव्हचं जंगलातलं शेवटचं झाड 1994मध्ये गेलं. लागवडीतलं शेवटचं बुरशी आणि वाळवीने 2003मध्ये गेलं. जात संपली. किमान दोन ठिकाणी, वेगळ्या पाण्यावर, वेगळ्या माणसांच्या हाताखाली रोपं ठेवाच.

बेटावर परत नेताना मुंग्या, गोगलगायी, तणाचं बी कुंडीतून जाऊ देऊ नका. आणि खड्डे खणण्याआधी नोंदवही उघडा: एकाच आईची रोपं एका ओळीत लावायची नाहीत. 3 नंबरच्या शेजारी 11, त्याच्या शेजारी 6, म्हणजे फुलावरून उडालेला कीटक पुढच्या फुलावर बसेल तेव्हा परका पराग घेऊन बसेल.